पाट्याचा आवाज

तारेला टांगलेल्या, पिकअपच्या स्प्रिंगमधल्या पाट्यावर त्याने हातोडीचा हलका टोला दिला आणि सवयीने डोळे मिटले. खण्णकन आवाज उठला, छपराच्या पत्र्याला लागला आणि बराच वेळ थरथरत राहिला. दोन बोटांनी पाटा धरून त्याने तो थांबवला आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा एक टोला दिला. तोच आवाज. नितळ, कुठे अडखळणं नाही.

"फुटलाय," तो म्हणाला.

जावई वाकून पाटा न्याहाळू लागला. "कुठे? मला तर चीर दिसत नाही."

"दिसत नाही जावईबापू, ऐकू येते. केसाएवढी असेल. सपाटीवर काही नाही व्हायचं. घाटात मागे तेवढं धूड लावलंत की तिथेच उघडेल."

पिकअपच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसून मुलगी रॉकेलच्या डब्यात बोल्ट धूत होती. तिने मान वर केली. आधी पाट्याकडे पाहिलं, मग बापाकडे. मग पुन्हा बोल्ट धुवायला लागली.

बापाने पाटा तारेवरून उतरवला आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा केला. पाट्याला कसलं आलंय तोंड! पण शिक्षा झालेल्या पोराला उभं करावं तसा त्याने तो उभा केला खरा.

या माणसाविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. गाड्यांचे पाटे ठोकण्यात त्याचे केस पिकले होते. ट्रक, टँकर, शाळेच्या बस, काय वाटेल ते त्याच्या दारात यायचं. सगळा रस्ता त्याला पाटेवाला म्हणायचा आणि त्याच्या कानावर डोळे झाकून विश्वास टाकायचा. तो 'धड आहे' म्हणाला की ड्रायव्हर माल भरून निघालाच. गिऱ्हाइकाचा चांगला पाटा फुटका ठरवून भंगारात काढायचा, हे त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. तसं करणाऱ्यांच्या नावाने तो टपरीवर बसून बोटं मोडायचा. आणि आज घरच्या जावयासमोर त्याची जीभ इतक्या सहज खोटं बोलून गेली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बरं, बोलला तेही कुणादेखत? मुलीदेखत. तिचा पाळणा याच छपराच्या वाशाला बांधलेला होता. घणाच्या आवाजात ती झोपायची आणि घण थांबला की रडत उठायची. थोडी मोठी झाली तेव्हा पाठ करून उभी राहायची आणि बाप एकेक पाटा वाजवायचा. ती न बघता सांगायची, धड की फुटका. "धड. धड. धड. बद्द." एकदासुद्धा चुकली नव्हती. सगळे तिला गोटी म्हणायचे, कारण होतीच तशी, एवढीशी आणि टणक. अजूनही म्हणायचे.

खोटं बोलायचं कारण रस्त्याच्या पलीकडे उभं होतं. जावयाचं आरायंत्र. लांबलचक लोखंडी ट्रेलर, त्यावर पुढच्या बाजूला डिझेलचं इंजिन, मागे ओंडके पकडायचे चिमटे, मध्ये पट्ट्यासारखं फिरणारं पातं. झाड पडलं असेल तिथे जाऊन फळ्या पाडून द्यायच्या, हा जावयाचा धंदा. पात्यांना धार लावायचं काम गोटीचं. आजवर हे यंत्र आसपासच फिरायचं. दोघं सकाळी जायची, संध्याकाळी यायची, आणि ठकी, म्हणजे त्यांची मुलगी, दिवसभर आजोबांच्या कारखान्यात नटबोल्टांचं लग्न लावत बसायची. पण मागच्या मोसमात घाटापलीकडे मोठं वादळ झालं, उभी जंगलं आडवी झाली. वर्षानुवर्षं पुरेल एवढं लाकूड तिथे पडून होतं आणि भुंगा लागायच्या आत ते कापायला हवं होतं. जावयाला बोलावणं आलं. राहायला खोल्या, ठकीला जवळच शाळा. जायचं ठरलं. कायमचं नाही, असं सगळे म्हणत होते. कधीपर्यंत, हे मात्र कुणी काढत नव्हतं.

अडचण होती ती पिकअपची. ट्रेलर हुकाला लावला की ती मागून बसायची. नाक वर, दिवे झाडांच्या शेंड्यांवर आणि स्टिअरिंग हातात पिसासारखं हलकं. जावयाने अवजारांच्या पेट्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवून बघितल्या. पिकअप सरळ झाली, पण पहिल्याच उतारावर ट्रेलर असा शेपटी हलवायला लागला की गोटी ओरडली, थांबवा, थांबवा आधी. म्हणजे भार हुकावरच हवा आणि तो पेलायचं बळ पिकअपच्या पाठीत हवं. ते कसं द्यायचं, हे ठरवायला घरचाच माणूस असताना दुसऱ्या कुणाकडे जाणार?

आणि घरच्या माणसाचं काही ठरत नव्हतं. जाड पाटे घालावेत, तर गाडी दणके देईल. आहे त्या संचात एक पाटा वाढवावा, तर यू-बोल्ट आखूड पडतात. जुनेच पाटे भट्टीत तापवून पुन्हा कमान द्यावी, तर ती किती दिवस टिकेल कुणी सांगावं. सोमवारी चढवलेला पाटा तो बुधवारी उतरवायचा. जावई बिचारा रोज सकाळी येऊन विचारायचा, "झालं?" आणि रोज नवीन काहीतरी निघायचं. आज तर पाटाच फुटला.

दुपारी जेवताना त्याला धड बसवेना. दोन घास खाल्ले, उठून खिडकीतून बाहेर बघून आला, पुन्हा बसला. पाणी प्यायला आणि तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला.

"ताटात मुंग्या आहेत का?" बायकोने विचारलं.

"नाही. का?"

"मग एका जागी बसा की. सकाळपासून तुमच्या पायाला भिंगरी लागलीय."

"पाटा फुटलाय त्या पिकअपचा."

"हो. गोटी म्हणाली."

त्याचा हात थांबला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा म्हणतात पाटा फुटलाय." बायकोने त्याच्या ताटात वाढलं आणि पळी भांड्यात ठेवली. "अहो, मला त्या लोखंडातलं काही कळत नाही. पण तुमच्यातलं कळतं. पोरीला जायचंय तर नीट जाऊ द्या. आज पाटा फुटला, उद्या चाक फुटेल, परवा काय, रस्ता फुटेल?"

"घाट आहे अगं मध्ये. मागे केवढं ओझं. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, बाप पाटेवाला आणि..."

"लोकांचं सोडा. तुम्हाला करमणार नाही, असं म्हणा ना सरळ."

तो ताट बाजूला सारून उठला आणि हात धुवायला गेला तो नळाखाली हात धरून तसाच उभा राहिला. त्याला करमणार नव्हतंच. दुपारी ठकी आली नाही की आत्ताच त्याला घण जड व्हायचा.

संध्याकाळी जावई एकटाच आला. चप्पल दाराबाहेर काढून आत येणारा हा माणूस आज चपलेसकट उंबऱ्यावर उभा राहिला.

"बाबा, रागावू नका," तो म्हणाला. "तिकडून परत फोन आला होता. आपण गेलो नाही तर ते दुसऱ्याला बोलावतील. तुम्हाला जमत नसेल तर मी उद्या फुगेवाल्याकडे टाकतो गाडी."

फुगेवाला! पाटेवाल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढच्या चौकात त्याचं काचेच्या दाराचं दुकान होतं. पाट्यांच्या जोडीला चेसिसखाली रबराचे फुगे बसवायचे आणि त्यात हवा भरून गाडी उचलून धरायची, हा त्याचा उद्योग. दुकान उघडलं त्याच दिवशी त्याने पाटी लावली होती, 'पाट्यांचा जमाना गेला'. तेव्हापासून पाटेवाला त्या चौकातून जाताना पलीकडच्या फुटपाथने जायचा.

"हवेवर नेणार माझ्या लेकीला?" तो म्हणाला. "उद्या दुपारी या. गाडी तयार असेल."

आणि झालीही. इरेला पेटलेल्या माणसाने काय करावं, ते त्याने केलं. टँकरसाठी आणलेले जाड पाटे काढले, मापात कापले, भट्टीत लाल करून त्यांना अशी कमान दिली की बघत राहावं. दुपारी ट्रेलर जोडला. पिकअप तसूभरही बसली नाही. जावयाने टेकडीच्या रस्त्याने चक्कर मारून आणली आणि खाली उतरून सासऱ्याचे हातच धरले.

"बाबा, रुळावरून चालल्यासारखी चालते हो!"

पाटेवाला हसला. आता त्यांना थांबवायला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ट्रेलर तिथेच सोडून सगळे रिकाम्या पिकअपने घरी निघाले. जावई स्टिअरिंगवर, मध्ये ठकीला मांडीवर घेऊन गोटी आणि दाराशी आजोबा. ठकीची बडबड चालली होती, आपल्या नवीन शाळेत म्हणे खिडकीतून समुद्र दिसतो. कोपऱ्यावर नेहमीचाच तो खड्डा आला. रोज जातो-येतो, कधी लक्षातही येत नाही असा. आज पिकअप त्यात आपटली आणि दगडासारखी वर उडाली. ठकीचं वाक्य अर्ध्यात तुटलं. दात जिभेवर बसले होते. एक क्षण ती नुसती बघत राहिली आणि मग तिने जो टाहो फोडला, विचारू नका. ओठावर रक्त आलं.

गोटीने ओढणीचं टोक तिच्या तोंडाला लावलं. "काही नाही, काही नाही झालं," ती म्हणत होती. जावईही म्हणाला, रिकामी गाडी आहे ना, दणका बसणारच. आजोबांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. ते त्यांना जास्त लागलं. तिकडे गेल्यावर ट्रेलर रोज थोडाच जोडलेला असणार होता! ओंडक्यांपाशी एकदा लावला की लावला, आणि मग हीच रिकामी पिकअप ठकीला शाळेत नेणार, गोटीला बाजारात नेणार. रोजची. ही साधी गोष्ट, पाटे ठोकण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती. ओझ्याशी पैज लावून तो मोकळा झाला होता.

घरापाशी उतरल्यावर त्याने ठकीला कडेवर घ्यायला हात पुढे केले. तिने मान आईच्या खांद्यात खुपसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फुगेवाल्याच्या चौकात गेला. पलीकडच्या फुटपाथने गेला, पुढे निघून गेला, परत आला. दोनदा. शेवटी काचेचं दार ढकललं तर ते ओढायचं निघालं. आतून फुगेवाला हे सगळं बघत होता.

"या या, पाटेवाले! रस्ता चुकलात काय?"

"चुकलो नाही."

"मग पाटी उतरवायला आलात? शिडी देऊ का?"

पाटेवाल्याने टोपी काढून हातात घेतली आणि परत डोक्यावर ठेवली. "तुमच्या त्या फुग्यातली हवा कमी-जास्त करता येते म्हणे."

"येते की. ट्रेलर जोडला की भरायची, सोडला की काढायची. चाकात भरतो तशीच. सगळी मात्र नाही काढायची, नाहीतर फुगा चुरगळतो." फुगेवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुणाची गाडी आहे?"

"पोरीची."

फुगेवाला गल्ल्यामागून बाहेर आला. त्याने आणखी एकही टोमणा मारला नाही. "दुकानात नको आणायला," तो म्हणाला. "मीच येतो तुमच्याकडे. गाडीखाली उतरायचा खड्डा तुमचा चांगला आहे."

तर त्या दिवशी त्या रस्त्याने जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. पाटेवाला आणि फुगेवाला एकाच गाडीखाली. भांडत होते, अर्थात. एकाचं म्हणणं फुगा आत घ्या, दुसऱ्याचं म्हणणं तुम्ही तुमच्या लोखंडाचं बघा. पण हात चालत होते. टँकरचे पाटे निघाले. जुन्या पाट्यांना बेताची कमान देऊन ते पुन्हा रचले आणि एकाची जागा रिकामी राहिली.

पाटेवाला खड्ड्यातून वर आला. कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा असलेला पाटा उचलून घेऊन आला.

"हा फुटला होता ना?" जावयाने विचारलं.

"पुन्हा वाजवून बघितला," तो म्हणाला. "माझीच ऐकण्यात चूक झाली."

हे वाक्य या छपराखाली आजवर कुणी ऐकलं नव्हतं. जावई आश्चर्याने बायकोकडे बघायला लागला. गोटी धुतलेले बोल्ट फडक्यावर ओळीने मांडत होती. तिने त्यातला एक उचलला आणि बापाच्या हातात दिला.

शेवटी यू-बोल्ट आवळायचे राहिले. हे बोल्ट पाट्यांचा गठ्ठा चाकांच्या आसाला घट्ट धरून ठेवतात, आणि ते किती आवळायचे याचं पाटेवाल्याचं माप सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. मोठ्या पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवायचा आणि पाइपच्या टोकावर पोरीला उभं करायचं. गोटीच्या वजनाने जेवढा फिरेल तेवढा फिरवायचा, पुढे नाही. ती वाढत गेली तसे गिऱ्हाईक गमतीने म्हणायचे, यंदा बोल्ट जरा जास्तच घट्ट आहेत हो. आणि एवढं करूनही थोडी धाव झाली की पाटे आपापल्या जागी बसतात, बोल्ट पाव फेरा सैल होतात आणि ते पुन्हा आवळावे लागतात. म्हणून त्याच्याकडून गेलेली प्रत्येक गाडी एकदा तरी परत यायचीच.

"ये ठके," गोटीने हाक मारली. "तुझी पाळी."

ठकी जीभ दुखते म्हणून सकाळपासून गंभीर होती. पण पाइप बघून तिला राहवेना. आजोबांनी तिला उचलून टोकावर उभी केली. तिने त्यांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. पाइप कुरकुरत थोडा खाली गेला आणि थांबला.

"पुरे?" तिने वरून विचारलं.

"बरोब्बर," आजोबा म्हणाले. त्यांनी तिला लगेच उतरवलं नाही.

जायच्या दिवशी उजाडायच्या आत तो कारखान्यात येऊन बसला होता. ट्रेलर जोडून झाला. फुग्यांत हवा भरली. चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत सुतळी लावून त्याने दोन्ही बाजूंची उंची पडताळली, मग पुन्हा पडताळली. मग टायर लाथेने वाजवले, हुकाची साखळी ओढून बघितली, दिव्यांसमोर हात धरला, आणि हे सगळं झाल्यावर पुन्हा सुतळी काढली.

"अहो, पुरे," बायको म्हणाली. तिने डबा गाडीत ठेवला आणि पदराने डोळे पुसून मोकळी झाली. तिचं बरं होतं, रडता येत होतं.

एक वाक्य त्याने सकाळपासून तोंडात घोळवून ठेवलं होतं. 'घाट उतरलात की बोल्ट सैल होतील, ते दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका, इकडेच आणा.' अगदी साधं वाक्य. जावयाने ते मानलंही असतं. पाटेवाला पिकअपच्या खिडकीशी गेला. ठकी सीटवर गुडघे टेकून बसली होती. घाटातली वळणं त्याच्या डोळ्यांपुढे आली, सैल बोल्ट घेऊन तेवढं ओझं ओढत परत वर चढणारी ही गाडी दिसली, आणि ते वाक्य काही त्याच्या तोंडातून बाहेर पडेना.

तो मागे वळला. भिंतीवरच्या खिळ्यावरून मोठा पाना काढला, कोपऱ्यातला पाइप घेतला आणि दोन्ही नेऊन सीटच्या मागे ठेवले.

"बाबा, हा तर तुमचा रोजचा पाना," गोटी म्हणाली.

"घाट उतरल्यावर आवळ. ठकी उभी राहिली की पुरे. तू नको उभी राहूस, आटे जातील."

ती हसली. हसताना तिचा चेहरा भलतंच काहीतरी करायला लागला, म्हणून ती वाकून पाया पडली. पिकअप निघाली. वळणापर्यंत तिची पाठ सरळ होती, जराही बसली नव्हती. काम उत्तम झालं होतं, आणि रस्त्यात उभं राहून ते बघवत नव्हतं.

त्यानंतरचा दिवस त्याने कसा काढला, त्याचं त्याला माहीत. हातोडी हातात घेऊन तो हातोडी शोधत होता. एका ट्रकवाल्याला उजव्याऐवजी डावं चाक काढून दिलं. फुगेवाला सहज म्हणून येऊन गेला. "फोन आला?" त्याने विचारलं, आणि नाही म्हटल्यावर पुन्हा सहज म्हणून आला. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी फोन नव्हता. घाटात लागत नाही, असं बायको म्हणत होती. हेच ती सकाळीही म्हणाली होती.

फोन वाजला तेव्हा तो खड्ड्यात होता. वर यायला त्याला पायऱ्या सापडेनात.

"बाबा, उतरलो आम्ही घाट," गोटीचा आवाज आला.

"गाडी?"

"फार छान आली. कुठे हलली नाही, कुठे बसली नाही. फुगेवाल्या काकांना सांगा, हवाही तेवढीच आहे."

"ठकी?"

"बडबडतेय. जीभ बरी आहे. बाबा, बोल्ट आवळले आत्ताच. पाव फेरा गेले."

"सगळे?"

"सगळे."

त्याने मान डोलावली. फोनवर मान डोलावून उपयोग नसतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. विचारायचं म्हणून जे जे होतं ते विचारून झालं होतं. पाव फेरा गेले, म्हणजे पाटे आपल्या जागी बसले. आता ती गाडी परत यायचं काही कारण नव्हतं.

"बाबा, ठेवू नका. एक ऐका जरा."

खरखर झाली, फोन कुठेतरी खाली नेल्यासारखी. मग एक टोला ऐकू आला.

"ऐकलंत?"

"पुन्हा मार."

तिने पुन्हा मारला. त्याने डोळे मिटले. गाडीखाली आवळलेला पाटा टांगलेल्या पाट्यासारखा गात नाही, आखूड वाजतो. पण धड तो धड आणि फुटका तो फुटका. आणि हा कोणता पाटा, तेही त्याला कळलं. तोच, भिंतीकडे तोंड करून उभा केलेला. आवाज नितळ होता.

त्या दिवशीचा तो एक शब्द, 'फुटलाय', पुन्हा जिभेवर येऊन बसला. एवढा एक शब्द म्हणायचा अवकाश, गाडी उद्या माघारी फिरली असती. समोर बायको हातात फडकं घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"धड आहे," तो म्हणाला. "खणखणीत आहे, गोटे. तू बिनघोर जा."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि लांबून ठकीचा.

"नक्की?" गोटीने विचारलं.

"नक्की. माझा कान अजून शाबूत आहे."

"हो का? मला जरा बद्द वाटला."

त्याने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"बद्द वाटला तुला?"

"हो ना," ती म्हणाली. "आणि इथे कुणाला दाखवणार? पहिला ढीग कापून झाला की घेऊन येते. तुम्हीच बघा एकदा."

"आण," तो म्हणाला. "बघायलाच हवा."